पारधी-भटक्यांच्या वस्त्यांसाठी तालुक्यात संस्था उभी करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली आठ-दहा तरुण मंडळी, त्यातली काही वस्तीवरचीच. गावाबाहेर फासे पारधी, वडार, कैकाडी यांच्या वस्त्या. गावात कुठे चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी तिकडेच वळते, आणि मुलांच्या शाळेपासून रेशनपर्यंत सगळे कागदासाठी अडलेले असते. या मंडळींना संस्था काढायची आहे. नोंदणी कुठे करायची, कोणते काम आधी हातात घ्यायचे आणि अशा संस्था का बंद पडतात, हे त्यांनी विचारले आहे.

नोंदणी शेवटी करा. पहिले सहा-आठ महिने दोनच कामे पक्की करा: पोलिसांनी कुणाला उचलले तर काही तासांत ठाण्यात लेखी अर्ज पोचला पाहिजे, आणि प्रत्येक कुटुंबाची कागदांची फाइल तयार झाली पाहिजे. बाकी सगळे काम या दोन गोष्टींवर उभे राहते. वस्तीने आजवर पाहुणे खूप पाहिलेत. वह्या वाटून आणि फोटो काढून माणसे निघून जातात. विश्वास बसतो तो पहाटे तीनला फोन उचलणाऱ्यावर.

हा संशय आला कुठून, ते कार्यकर्त्याला नीट माहीत हवे, कारण ठाण्यात आणि तहसिलीत ते सांगावे लागते. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि गुन्हेगारी वंशातूनच येते असे धरून जमातीच्या जमाती रजिस्टरला लावल्या. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट असा तो कारभार होता, सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, म्हणून त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. पण जन्मावरून माणसाला संशयित धरण्याची रीत ‘सराईत’ या नावाखाली तशीच चालू राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना निर्देशही दिले. या निकालाची प्रत प्रत्येक कार्यकर्त्याच्या पिशवीत असू द्या.

आता रात्रीचा फोन. पाच जणांची पाळी लावा. प्रत्येक वस्तीवर दोन माणसे ठरवा, त्यात एक बाई हवीच, कारण धाड पडते तेव्हा पुरुष बहुधा पळालेले असतात आणि पोलिसांसमोर बायाच उभ्या असतात. त्यांनी फोनवर सांगायच्या गोष्टी पाठ करून घ्या: कोणाला नेले, वय काय, किती वाजता, गाडीचा नंबर, अंगावर वर्दी होती की साधे कपडे, कोणते ठाणे किंवा शाखा, काय काय उचलून नेले. गाडीचा नंबर सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरच्या तालुक्यातले किंवा गुन्हे शाखेचे पथक आले असेल तर स्थानिक ठाणे ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणते, आणि तेव्हा माणूस शोधायला तेवढाच धागा हाती असतो.

ठाण्यात दोघांनी जावे, एकट्याने कधीही नाही. आवाज चढवू नये, पण तोंडी उत्तरावर परतूही नये. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्यावी. मजकूर साधारण असा:

‘आज दि. … रोजी पहाटे … वाजता … वस्तीवरून (नाव, वय) यास आपल्या ठाण्यात आणल्याचे नातेवाइकांकडून समजले. अटक केली असल्यास गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे, अटकेची वेळ व कारणे लेखी द्यावीत. चौकशीसाठी बोलावले असल्यास नोटिशीची प्रत द्यावी. सदर व्यक्ती ठाण्यात नसल्यास तसे लेखी कळवावे. या काळातील ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे.’

शेवटचे वाक्य विसरू नका. ठाण्यातले चित्रण किमान वर्षभर ठेवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश आहे. तरी मागणी करेपर्यंत ते पुसले गेल्याचे ऐकायला मिळते. पहिल्याच दिवशी लेखी मागणी असेल तर पुढे न्यायालयात ‘मिळत नाही’ म्हणणे जड जाते. पोच देत नसतील तर तोच अर्ज ठाण्याच्या आणि पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर लगेच पाठवा आणि सकाळी पोस्ट उघडताच पोचपावतीसह टाका. मेलवरची वेळ हाच मग पुरावा होतो.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुनी कलमे सांगत बसलात तर समोरचा ऐकून घेत नाही. एवढी कलमे तोंडावर हवीत. कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस. कलम 36 चा अटक पंचनामा, ज्यावर घरच्या माणसाची किंवा प्रतिष्ठित रहिवाशाची साक्षीदार म्हणून सही लागते. कलम 47 प्रमाणे अटकेची कारणे सांगणे. ती लेखी आणि समजेल अशा भाषेतच द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले. कलम 48 प्रमाणे नातेवाइकाला कळवणे. कलम 58 प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायाधीशांपुढे हजर करणे. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायाधीशांची आधी परवानगी घ्यावी लागते. साक्षीदार म्हणून बाईला, 15 वर्षांखालच्या मुलाला किंवा 60 च्या वरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारायचे असते. नवरा सापडत नाही म्हणून बायकोला ठाण्यात बसवून ठेवतात, तेव्हा हे कलम 179 पुढे करा.

झडतीचे चित्रीकरण आता कलम 105 ने सक्तीचे केले आहे. पारध्यांच्या घरात सापडलेले मणी-डोरले, चांदीचे वाळे ‘चोरीचा माल’ म्हणून जप्त होतात आणि वर्षानुवर्षे मुद्देमालात पडून राहतात. त्यावर उपाय साधा आहे, पण चिकाटीने करावा लागतो. दागिना घेताना सोनाराकडून नाव, वजन, तारीख असलेली पक्की पावती घ्यायला लावा, तो दागिना अंगावर असलेला फोटो काढा, आणि दोन्ही गोष्टी कुटुंबाच्या फाइलमध्ये ठेवा. परतावा मागताना न्यायालय मालकी विचारते. पावती नसेल तर स्वतःचाच दागिना स्वतःचा आहे हे शाबीत करत बसावे लागते.

मारहाण झाली असेल तर पहिल्या हजेरीलाच न्यायाधीशांसमोर सांगितले पाहिजे, आणि माणसाला हे आधी कुणीतरी सांगून ठेवलेले असले पाहिजे. तिथे गप्प राहिला की पुढच्या तक्रारीतला अर्धा दम जातो. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे कोठडीतला माणूस, बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यांचा नंबर. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, तिथल्या लिपिकाशी ओळख ठेवा. जामीन मिळूनही माणूस आत राहतो तो जामीनदार नसल्यामुळे. वस्तीत कुणाच्या नावावर सातबारा नसतो. वकिलाला रोख जामिनाचा किंवा जातमुचलक्याचा, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सुटण्याचा, अर्ज करायला सांगा. एक आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर जामीनपात्र गुन्ह्यात माणसाला निर्धन समजावे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 478 सांगते. पहिल्यांदाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ भोगला की तो कलम 479 खाली सुटकेला पात्र होतो, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. मात्र त्याच्यावर एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. वस्तीवरच्या माणसाच्या नावावर तीन-चार गुन्हे चिकटवलेले असतात तेव्हा नेमके इथेच अडते.

अटकेइतकाच त्रास चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वागणुकीचा बाँड मागणारी प्रतिबंधक कारवाई, आणि तडीपारीचा. नोटीस येते, कुणी वाचत नाही, तारीख चुकते आणि आदेश होतो. तडीपारीच्या नोटिशीला लेखी उत्तर आणि साक्षीदार देण्याचा हक्क महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. आदेशावर अपिलाला 30 दिवस असतात. वस्तीवर आलेला कोणताही सरकारी कागद त्याच दिवशी फोटो काढून तुमच्याकडे आला पाहिजे, ही सवय लावण्यातच पहिली दोन वर्षे जातील, आणि ती जाऊ द्यावीत.

फाइलचे काम दिवसा, शांतपणे करायचे. प्रत्येक कुटुंबाला एक चेनची प्लास्टिक फाइल आणि त्यातल्या प्रत्येक कागदाचा स्कॅन तुमच्याकडे. पाल (राहुटी) उठले, पावसात भिजले, जाळपोळ झाली की कागद पहिले जातात. आत हे हवे: जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेच्या निर्गम उताऱ्याची प्रत, जातीचा दाखला, राहण्याचा पुरावा, दागिन्यांच्या पावत्या, चालू आणि सुटलेल्या केसचे कागद. निर्दोष सुटल्याच्या निकालाची नक्कल जपून ठेवा. ठाण्याच्या यादीतून नाव काढायला तीच लागते.

जन्मदाखल्याला सगळ्यात आधी हात घाला. बाळंतपण पालात झालेले, नोंद नाही. 21 दिवसांत नोंद फुकट आणि सोपी असते. वर्ष उलटले की जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात अलीकडे या अर्जांची तपासणी फार कडक झाली आहे. म्हणून जुने अर्ज सावकाश चालू ठेवा, पण आज पोटुशी असलेल्या बाईचे नाव आशाताईंकडे नोंदवून बाळाची नोंद 21 दिवसांत कराच. दाखल्याचा संबंध थेट कोठडीशीही आहे. वय 18 पेक्षा कमी असल्याचे सिद्ध करायला बाल न्याय कायदा आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला मागतो. तो नसेल तर हाडांच्या चाचणीवर सोळा वर्षांचा पोरगा एकोणीसचा ठरू शकतो आणि मोठ्यांच्या तुरुंगात जातो.

जातीच्या दाखल्यात सगळ्यात जास्त चुका होतात, त्या अर्ज भरतानाच. मानीव दिनांक वेगवेगळे आहेत: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961. त्या तारखेपूर्वी कुटुंब महाराष्ट्रात होते आणि त्या जातीचे होते, हे दाखवायचे असते. फासे पारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, पण पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींच्या यादीत. सेतू केंद्रातल्या मुलाने घाईत एक शब्द चुकीचा निवडला की प्रवर्ग बदलतो, आणि पडताळणी समितीपुढे सख्ख्या भावांचे दाखले एकमेकांविरुद्ध उभे राहतात. कैकाडी विदर्भातल्या ठरावीक जिल्ह्यांत अनुसूचित जाती आहेत, बाकी महाराष्ट्रात विमुक्त. वडार विमुक्त जातींत. त्यातच आडनावे पवार, भोसले, काळे, चव्हाण, शिंदे अशी असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून कोणी विश्वास ठेवत नाही.

पुरावा कुठे शोधायचा? आजोबा-पणजोबांच्या गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर, तहसिलीतले कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, आणि गुन्हेगार जमातींची जुनी पोलीस व सेटलमेंट रजिस्टरे. ज्या नोंदवहीने पणजोबाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले तीच आज नातवंडाच्या शिक्षणाचा पुरावा होते. हे वस्तीवर सांगताना जपून सांगा, लोकांना त्रास होतो. काहीच सापडले नाही तर अर्जासोबतच स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा, आणि तलाठी वस्तीवर येतील त्या दिवशी म्हातारी माणसे तिथे हजर ठेवा. कुलदैवत, लग्नातले देवक, बोली, नातेसंबंध याची उत्तरे तीच देऊ शकतात. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. नाकारला तर कारणांसह लेखी आदेश मागा, कारण अपील त्या आदेशावरच होते.

शाळेसाठी मात्र दाखल्यांची वाट पाहू नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मूल वयानुरूप वर्गात बसते. मुख्याध्यापक नाही म्हणाले तर लेखी मागा, बहुतेक वेळा तिथेच प्रवेश होतो.

वस्तीवर हल्ला, जाळपोळ, जातीवरून शिवीगाळ झाली तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 लागू होतो, पण पीडित अनुसूचित जाती किंवा जमातीचा आणि आरोपी तसा नसेल तेव्हाच. वडारांना तो मिळत नाही, हे त्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेची कलमे नीट लावून घ्यावी लागतात. फिर्याद देताना काय झाले ते घडले तसेच लिहून न्या: जागा, वेळ, कोण हजर होते, नेमके शब्द. अत्याचार कायद्याच्या कलम 3(1)(r) आणि (s), म्हणजे जातीवरून अपमान आणि शिवीगाळ, यासाठी प्रसंग लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो, आणि बहुतेक केस इथेच लुळ्या पडतात. साक्षीदारांत वस्तीबाहेरचा एखादा, किराणा दुकानदार म्हणा, रिक्षावाला म्हणा, मिळवायचा प्रयत्न करा. खोटी केस किंवा पोलिसांना खोटी माहिती यासाठी 3(1)(p) आणि (q) आहेत, ती मागायला फारसे कुणी जात नाही. या वस्त्यांसाठी तीच सर्वांत कामाची.

याच कायद्याच्या कलम 18A मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा आणि दोषारोपपत्र 60 दिवसांत. पीडिताच्या जातीचा दाखला नाही म्हणून ते लांबते, म्हणजे पुन्हा ती फाइलच. ठाण्याने फिर्याद घेतलीच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे अधीक्षकांना टपालाने कळवा, मग न्यायाधीशांकडे जा. जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे, अत्याचार कायद्याचे कलम 15A. आर्थिक साहाय्य समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडून टप्प्याटप्प्याने येते आणि पहिला हप्ता गुन्हा नोंदवल्यावर मिळतो. त्यासाठी बँक खाते चालू आणि आधारशी जोडलेले हवे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा भरायला हवी. भरत नसेल तर मागच्या बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकारात मागवा.

वस्तीच्या आतला अन्यायही तुमच्या दारात येईल. जात पंचायतीने वाळीत टाकले, दंड लावला, मुलीचे लग्न बालपणीच ठरवले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2017 पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण गुन्हा नोंदवायचा की बोलून सोडवायचे, हे त्या बाईने ठरवावे. संस्थेने तिच्या वतीने परस्पर ठरवू नये. आणि बाई बोलायला आली तर ऐकायला बाई कार्यकर्तीच हवी.

इथवर काम आले की नोंदणी. संस्था नोंदणी कायदा, 1860 प्रमाणे किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंद करावी लागते. दोन्ही कामे धर्मादाय कार्यालयात होतात. कार्यकारी मंडळात निम्म्याहून जास्त माणसे वस्तीवरची असू द्या, आणि सह्यांच्या अधिकारातही, नुसती नावाला नकोत. संस्थेच्या घटनेत उद्देश लिहिताना ‘कायदेशीर मदत, हक्कांविषयी जागृती, कागदपत्रे मिळवून देणे’ हे स्पष्ट घाला. मागाहून ते घालायचे तर महिने जातात.

छोट्या संस्था मरतात त्या हिशेबाने आणि बदल अर्जाने. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहून जातो, मग जुना अध्यक्ष भांडून निघून गेला तरी कागदोपत्री तोच असतो आणि बँक खाते अडकते. हिशेब तपासून दरवर्षी धर्मादाय कार्यालयात भरायचे. प्राप्तिकराची 12ए (संस्थेला करमाफी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) ची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, मुदत संपायच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातले जे आधी येईल तोवर नियमित नोंदणीचा अर्ज गेला नाही तर देणगीदार तुटतात. परदेशी निधीच्या मागे सुरुवातीला लागू नका. त्याला तीन वर्षांचे काम आणि 15 लाखांचा खर्च दाखवावा लागतो, आणि तालुक्याच्या कामाला एवढ्याची गरज नसते.

रोख पैसा वस्तीवर वाटू नका. जामिनाची रक्कम संस्थेच्या खात्यातून भरलीत तर केस संपल्यावर ती परत घेण्याची पावती कोणाकडे आहे, हे नोंदवहीत असले पाहिजे. एका कुटुंबाला दिले आणि दुसऱ्याला नाही, यावरून वस्ती दुभंगते आणि मग पोलिसांना काही करावे लागत नाही. नियम सगळ्यांसमोर ठरवा, वहीत लिहा, त्यावर वस्तीच्या प्रतिनिधींचे अंगठे-सह्या घ्या.

रात्रीच्या फोनचे सिमकार्ड संस्थेच्या नावावर घ्या, कुणा एकाच्या नाही. नंबर वस्तीवरच्या प्रत्येक दारावर रंगवा, सोबत 15100, अत्याचाराच्या तक्रारीसाठी 14566 आणि मुलांसाठी 1098. पाळीचा तक्ता दर महिन्याच्या एक तारखेला बदला, आणि पाळीवर असलेल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या प्रत्येक फोनची नोंद वहीत करूनच फोन पुढच्याच्या हातात द्यावा.